दोडक्याच्या वीस बिया : दळणवळण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली.



साहेब, पत्र मराठीत आहे याचं नवल वाटू नये. आपल्या घराण्याचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड. माझं गाव बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात. राज्य कर्नाटक, घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी. तिन्ही भाषांत आमचं निभतं, पण गाऱ्हाणं मांडायचं तर आईचीच भाषा लागते. आणि हे गाऱ्हाणं थोडं माझ्या स्वतःविरुद्धही आहे, ते पुढं येईल.

मी बी पाठवते. परसबागेचं. दोडका, वाळूक, शेंदाड, जवारी वांगं, चवळी, अंबाडी, पांढरा भोपळा. ‘जवारी’ हा आमच्याकडचा शब्द. लातूरकडं त्यालाच ‘गावरान’ म्हणतात. सगळं आमच्याच वावरातलं. तुरीच्या ओळीत वाळूक-शेंदाडाचे वेल सोडायचे, बांधाला अंबाडी लावायची, उकिरड्यावर भोपळा चढवायचा, ही इथल्या बायकांची जुनी रीत. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या गाडग्यांतलं बी माझ्याकडं आलं. आधी नात्यात वाटलं. मग कुणाची तरी पुण्यातली सून म्हणाली, मलाही पाठवा. मग तिच्या सोसायटीतल्या चौघी. आता वर्षाकाठी दोन-अडीचशे पाकिटं जातात. पाकिटात वीस-तीस बिया, वर पिकाचं नाव नि बी धरल्याचं वर्ष. ब्रँड नाही, चित्र नाही. शेतकऱ्यानं आपलं बी ठेवावं, पेरावं, बदलावं, वाटावं, विकावं, फक्त ब्रँड लावून विकू नये, असा हक्क पीकवाण संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यातल्या कलम ३९ नं दिलेला आहे. तो कायदा मी वाचलेला आहे. आमचा पोस्टमन मला ‘बीजद अक्का’ म्हणतो, म्हणजे बियांची ताई.

टपालानं बी मागवणं हे काही आजचं खूळ नाही. पुण्याच्या पेस्तनजी पोचांचं दुकान १८८४ चं. व्ही.पी.पी. त्याच्याही आधीची, १८७७ ची. कॅटलॉग यायचं, त्यातल्या झेंडूच्या नि कोबीच्या चित्रांवर खूण करायची, महिन्याभरात पोस्टमन पाकीट आणून पैसे घेऊन जायचा. आमच्या वाड्यात असं एक फाटकं कॅटलॉग होतं. आमच्या काळ्या रानात कोबी कुणी लावणार नव्हतं, पण आजेसासरे ते पुन्हापुन्हा चाळायचे म्हणे. निजामाच्या मुलखात बसून पुण्याचा कोबी बघण्याचा तो एक शौक. त्या काळी ‘पॅटर्न अँड सॅम्पल पॅकेट’ असा टपालाचा एक वर्गच होता. अट एवढीच की पाकीट सहज उघडून पाहता येईल असं बांधावं. त्या अटीवर मी पुढं येणार आहे.

आता जे घडलं ते सांगते. पाकिटं मी टपालानंही पाठवते आणि कुरिअरनंही. त्यातली दोन पाकिटं अडकली. ती कशानं गेली, कुठल्या काउंटरवरून गेली, हे मुद्दाम लिहीत नाही. नाव घेऊन बोट दाखवायला मी हे पत्र लिहीत नाही.

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट. मे महिना सरत आलेला, दुपारचे बारा. मी काउंटरवर पिशवी ओतली. एका पाकिटाचा कोपरा उसवला होता. त्यातून करड्या रंगाची भुकटी सांडली, काउंटरच्या काचेवर बोटभर रेघ उमटली. पलीकडचा तरुण मुलगा खुर्चीसकट मागं सरकला. “एनिदु?” म्हणाला. हे काय आहे? मी म्हटलं, “बूदी.” राख. त्याला खरं वाटेना. बी पाठवणारी बाई पाकिटात राख कशाला घालेल? मागं रांगेत पंधरा माणसं. त्यातलं कुणीतरी म्हणालं, पोलिसांना बोलवा. कुणीतरी म्हणालं, नाक झाका. मी चिमूटभर राख तळहातावर घेऊन हुंगून दाखवली, शेवटी जिभेला लावून दाखवली. तेव्हा मागच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, अहो, बियाला राख लावतात, कीड लागत नाही. पोरगा ओशाळून हसला. पण पाकीट त्यानं वेगळं ठेवलं. त्याचं काय चुकलं? काहीच नाही.

सासूबाईंनी शिकवलं होतं ते असं : बी सावलीत वाळवायचं, गोवऱ्यांची राख चाळून त्यात घोळायचं, वर कडुनिंबाचा पाला, मग गाडग्याचं तोंड शेणामातीनं लिंपायचं. राख ओल ओढून घेते, भुंगेऱ्याला टिकू देत नाही. शंभर वर्षांत या राखेला कुणी भ्यायलं नाही. २००१ नंतर जगात पाकिटातल्या भुकटीचा अर्थच बदलला, आणि ते माझ्या गाडग्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेत अँथ्रॅक्सची भुकटी घातलेली पत्रं टपालानं पाठवली गेली. पाच माणसं गेली, सतरा आजारी पडली. मेलेल्यांत टपाल खात्यातले दोन कर्मचारी होते, हे मी विसरत नाही. काउंटरमागचा तो पोरगा मागं सरकला तेव्हा मला त्या दोघांची आठवण झाली. त्यानंतर तिथल्या टपाल खात्यानं वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांना जाणारी पत्रं इलेक्ट्रॉनच्या झोतातून काढायला सुरुवात केली. त्यात कागद पिवळा पडायचा, ठिसूळ व्हायचा, प्लॅस्टिक वितळायचं. पत्रासोबत बी असेल तर ते मेलंच. मग तिकडच्या टपालानं बी विकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला : हीच रीत सगळ्या टपालाला लावली तर? कॅटलॉग छापून झालेली, हंगाम तोंडावर, आणि गिऱ्हाइकाच्या दारी पोचणार ती मेलेल्या बियांची सुबक पाकिटं. ती वेळ आली नाही. झोत सरकारी टपालापुरताच राहिला.

किरणांनी बी मरतं म्हणजे किती किरणांनी, हे आपल्याकडच्या माणसाला समजावायला अमेरिकेला जायची गरज नाही, लासलगाव पुरे. तिथं भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ केंद्र आहे. साठवणीतल्या कांद्याला कोंब फुटू नये म्हणून त्याला किरणं देतात, साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). एवढ्यानं कांद्याचा कोंब कायमचा झोपतो. अँथ्रॅक्ससाठी टपालाला दिलेली मात्रा पन्नास हजार ग्रेच्या वर होती. आणि बॅगा-पार्सलं तपासायच्या साध्या एक्स-रे यंत्रातून जी मात्रा लागते, ती एका ग्रेच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी कमी. म्हणून ‘माझं पाकीट मशिनीतून गेलं, बी उगवेल का हो?’ असं जे फोनवर विचारतात त्यांना मी सांगते, बाई, मशिनीची भीती सोडा. आमच्या भागात जो टीएयू-१ उडीद पेरतात, त्याच्या कुळात किरणं देऊन घडवलेला वाण आहे. त्याच भाभा केंद्राचं आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं ते काम. सगळा खेळ मात्रेचा आहे.

तेव्हा बी मारतं ते तपासणीचं यंत्र नव्हे. मारतं ते तपासणीसाठी थांबणं.

राखेचं ते पाकीट वेगळं ठेवलं गेलं होतं, तसंच त्याच हंगामात दुसरं एक वाटेत कुठंतरी अडकलं. कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या हातात, मला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिलं सव्वीस दिवसांनी परत माझ्याच दारी आलं. दुसरं धाराशिवकडच्या एका बाईंना पोचलं तेव्हा मृग निघून गेला होता, आणि पाकिटाला मधोमध भोक पाडलेलं होतं. आत काय आहे ते पाहण्यासाठी पाडलं असणार. भोकातून पहिल्या पावसाची ओल गेली. वांग्याचं बी एकमेकांना चिकटून त्याचा गोळा झाला होता, वर पांढरी बुरशी. त्या बाईंनी फोटो पाठवला, सोबत एक ओळ : “काकू, पैसे राहू द्या.”

परत आलेल्या पाकिटाची मी चाचणी घेतली. सोयाबीनवाले घेतात तशीच. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळला, त्यावर दहा-दहाच्या ओळींत दोडक्याच्या शंभर बिया मांडल्या, वर दुसरं गोणपाट घातलं, गुंडाळी करून सावलीत ठेवली. तसल्याच शंभर बिया घरातल्या गाडग्यातून काढून दुसऱ्या गुंडाळीत मांडल्या. रोज सकाळी पाणी शिंपडायचं. चौदाव्या दिवशी उकललं. गाडग्यातल्या ८८ उगवल्या होत्या. फिरून आलेल्या ४१. बी एकाच वेलाचं, धरलेलं एकाच दिवशी. सरकारी प्रमाणात दोडक्यासारख्या वेलवर्गाला किमान ६० टक्के उगवण मागतात. म्हणजे कायद्याच्या फूटपट्टीनं, घरून निघताना पास झालेलं माझं बी सव्वीस दिवसांच्या प्रवासानं नापास केलं होतं. आपल्याकडच्या मे-जूनमधल्या पत्र्याच्या खोलीत, बंद लोखंडी पेटीत काय होतं, हे कलबुर्गीत एक दुपार उभं राहिलं की कळतं. बियाणेशास्त्रात एक ढोबळ नियम आहे : साठवणीचं तापमान पाच अंशांनी वाढलं की बियाचं आयुष्य निम्मं, आतला ओलावा एक टक्क्यानं वाढला की पुन्हा निम्मं. सासूबाईंना हा नियम माहीत नव्हता, पण त्यांची गाडगी घरातल्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात असायची.

आता माझ्याच बाजूचं दुखणं. तपासणी नकोच, असं मी म्हणणार नाही. जुलै २०२० मध्ये अमेरिकेत हजारो घरांत न मागवलेली बियांची पाकिटं आली, बरीचशी चीनच्या शिक्क्यांची. ऑगस्टमध्ये आपल्या कृषी मंत्रालयानंही राज्यांना सावध केलं. तपासात निघालं मोहरी, पुदिना, जास्वंद असलं साधंच बी, आणि कारण निघालं ऑनलाइन विक्रेत्यांची खोटी गिऱ्हाइकी. पण ते आधी कुणाला माहीत होतं? आणि बियाबरोबर काय येऊ शकतं, हे आमच्या बांधाला विचारा. काँग्रेस गवत पन्नासच्या दशकात अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास पहिल्यांदा दिसलं. आज भालकीपासून आळंदपर्यंत असा एक रस्ता दाखवा की ज्याच्या कडेला ते नाही. खुरपणाऱ्या बायकांच्या हातांना त्याची खाज सुटते. म्हणून परदेशी पार्सलातलं बी अडवा, जाळा, माझी हरकत नाही. मला बोलायचंय ते भालकीहून उदगीरला जाणाऱ्या दोडक्याबद्दल.

भालकी, कमलनगर, उदगीर ही विकाराबाद-परळी लोहमार्गावरची लागोपाठची मोठी स्टेशनं. कमलनगरची माणसं दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्याला उदगीरला जातात, लेकी तिकडं दिलेल्या असतात. पण भालकीचा पिन ५८५ नं सुरू होतो, उदगीरचा ४१३ नं. पिन कोड १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, संस्कृतचे कवी. त्यांनी आकडे आखले ते टपाल लवकर पोचावं म्हणून. पण पहिला आकडा बदलला की विभाग बदलतो, सर्कल बदलतं, छाटणीचे टप्पे वाढतात, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘हे काय आहे?’ असं विचारणारा नवा माणूस असतो. लेकीच्या घरी बी पोचवायचं तर आम्ही शेवटी तेच करतो जे निजामाच्या काळात करायचो : जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिशवीत पुडी टाकतो. पुण्याच्या सुनेला पुडी कशी पोचवू?

नवा टपाल कायदा, २०२३ चा, जून २०२४ पासून लागू झाला. त्याच्या नवव्या कलमानं देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी कोणतीही वस्तू अडवायचा, उघडायचा, ठेवून घ्यायचा अधिकार सरकार ठरवेल त्या अधिकाऱ्याला आहे. दहावं कलम म्हणतं, सेवेत काही बिघडलं तर नियमांत ठरवून दिलं असेल तेवढीच जबाबदारी खात्यावर. १८९८ च्या जुन्या कायद्यातही याच वळणाची कलमं होती, तेव्हा मी गहजब करत नाही. फक्त एक गोष्ट नजरेत भरते. ठेवून घेतलेल्या वस्तूचं काय होतं, याचा विचार करताना कायद्यासमोर कागद आहे, पैसा आहे, स्फोटक आहे. ठेवल्या ठेवल्या मरणारी वस्तू त्याच्यासमोर नाही. पुस्तक महिनाभर अडकलं तर उशिरा वाचता येतं. मृग सात जूनच्या आसपास लागतो. दोडका त्यानंतर महिन्यानं मिळाला तर तो दोडका नव्हे.

मागणं अवघड नाही आणि फार खर्चाचंही नाही. जुन्या नमुना-पाकिटाची अट परत आणा. बियांचं पाकीट उघडंच काउंटरवर यावं, आत पारदर्शक पिशवी, त्यावर पिकाचं नाव, वजन, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि फोन. कर्मचाऱ्यानं ते माझ्यासमोर बघावं, हवं तर हातात घेऊन चोळून बघावं, हवं तर मशिनीतून काढावं, मग माझ्यासमोरच चिकटवून वर ‘तपासले, बियाणे’ असा शिक्का मारावा. तो शिक्का पुढच्या प्रत्येक टप्प्यानं मानावा. शिक्का असूनही शंका आलीच तर बेलाशक अडवा, पण पाठवणाऱ्याला दोन दिवसांत निरोप द्या, आणि पाकीट उन्हातल्या पत्र्याखाली ठेवू नका. भोक पाडू नका. उघडलं तर परत चिकटवा. शिक्क्यावरचा शब्द कन्नडमध्ये घाला की मराठीत, हा तंटा इथं होणार नाही. कन्नडमध्ये ‘बीज’, मराठीत ‘बी’, हिंदीत पुन्हा ‘बीज’. सीमाभागात सगळ्यांना एकसारखा कळणारा असा दुसरा शब्द शोधून सापडायचा नाही.

आणि एक लेखी हवं. आपल्याकडं टपालाला किरणं द्यायची वेळ येऊ नये. पण उद्या आलीच, तर शिक्क्याचं बियाणं त्यातून वेगळं काढण्याची सोय पहिल्याच दिवसाच्या आदेशात असू द्या. हे फक्त माझ्यापुरतं नाही. आमच्या बिदरला लागून तेलंगणात झहीराबादजवळ पस्तापूरच्या बायकांनी ज्वारी-बाजरी, राळं-कोदऱ्याचं बी सांभाळलंय. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेऱ्यांनी सांभाळलेल्या बियांसाठी सरकारनंच त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर केली. बीज जपणाऱ्या बाईला दिल्लीला बोलावून मान द्यायचा आणि तिचं पाकीट मात्र वाटेत संशयित म्हणून अडकायचं, हे एकाच सरकारला शोभत नाही.

माझ्या बाजूनं मी एक बदल केला आहे. राख बंद केली. म्हणजे गाडग्यात आहेच, ती कुणाच्या सांगण्यानं जाणार नाही. पण पाकिटात भरण्याआधी बी सुपात पाखडते, फडक्यानं पुसते, मग मोजते. दोनशे पाकिटांमागं दोन दुपारी जादा जातात. सून म्हणते, आई, नातवाच्या पिचकारीनं उडवून टाका ना राख. एकदा केलं, तर घरभर राख झाली आणि बीही उडालं. कडुनिंबाचं वाळलेलं एक पान मात्र अजून प्रत्येक पाकिटात टाकते. ते पाहून कुणी मागं सरकणार नाही अशी आशा आहे.

या पत्रासोबत एक पाकीट जोडलं आहे. आत दोडक्याच्या वीस बिया, २०२५ चं बी, राख पुसलेली, एक निंबाचं पान. पत्ता आपल्या कचेरीचा आहे, म्हणजे ते नक्कीच तपासलं जाईल, आणि तपासलं जावंच. वॉशिंग्टनच्या एखाद्या मंत्र्याला त्याच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर झोतातून निघाल्यावर वीसपैकी एकही उगवली नसती. आपल्याकडं पोचलं तर बंगल्याच्या माळ्याकडं द्या. आधी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायला सांगा, मग कुंपणाच्या कडेला, बोटाच्या एका पेराएवढं खोल. चौदा दिवसांनी किती उगवल्या तेवढा आकडा पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर लिहून कळवा. पाकीट पोचलंच नाही, तर तेही कळवा.

आपली,
भालकी तालुक्यातली एक बी पाठवणारी